धवलारणीचा पुरा श्वास

“दागतर, मना बाकी काय नको. एक श्वास द्या. पुरा.”

हिराबाई माझ्यासमोर स्टुलावर ताठ बसल्या होत्या. ताठ म्हणजे पाठीला फळी बांधल्यासारख्या. उजवा हात अंगापासून लांब धरलेला. त्या बाजूला पदराचा काठही लागू देत नव्हत्या.

मी म्हटलं, “घ्या बघू श्वास.”

त्यांनी घ्यायला सुरुवात केली आणि अर्ध्या वाटेवर “आई गो!” म्हणून थांबल्या.

“बघितलास? इथपरेंत येतो नि अडतो. एवढ्याशा श्वासात मी गानार काय?”

मी तेव्हा पनवेलला एका छोट्या खासगी हॉस्पिटलात असिस्टंट होतो. साठच्या दशकाची सुरुवात असेल. पुण्याहून एमबीबीएस होऊन आलेला, नुकतंच लग्न झालेला आणि आपल्याला सगळं येतं अशी खात्री असलेला. यातलं लग्न तेवढं टिकलं. हॉस्पिटलचे मालक आणि माझे बॉस म्हणजे आबासाहेब. मोठे सर्जन, आवाजही मोठा. मला ते कधी नावानं हाक मारत नसत. “अहो पुणेकर” म्हणत.

हिराबाईंना महिन्यापूर्वी नागीण झाली होती. नागीण म्हणजे कांजिण्यांच्याच जंतूंचा उतारवयातला कारभार. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण जंतू जात नाहीत. पाठीच्या कण्याजवळ, नसांच्या मुळाशी, ते निवांत झोपून राहतात. म्हातारपणी शक्ती कमी झाली की जागे होतात आणि एका नसेच्या वाटेनं निघतात. म्हणून फोड पट्ट्यासारखे उठतात, पाठीकडून छातीकडे, एकाच बाजूला. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो अशी समजूत. घरच्यांनी दोन्ही टोकांना गेरू लावून तिची वाट अडवली होती. फोड वाळले, गेरू धुऊन गेला. दुखणं मात्र राहिलं. वारा लागला तरी झोंबायचं आणि बरगडी फुगली की कळ यायची.

दुसऱ्या एखाद्या आजीबाईंना मी म्हटलं असतं, थोडे दिवस सोसा, हळूहळू कमी होईल. पण हिराबाई धवलारीण होत्या. खाडीकाठच्या गावांत लग्नाला भटजी येतात, पण लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यानं. हळद दळण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला असतो आणि तो तिनंच म्हणायचा. आजूबाजूच्या गावांतली निम्मी लग्नं हिराबाईंच्या गळ्यानं लागली होती. आणि आता येत्या रविवारी त्यांच्या नातीचं, सोनीचं लग्न होतं.

“मी नाय गायले तर कोन गानार ठाव हाय?” त्यांनी मला विचारलं. जणू मलाच ठाऊक असायला हवं. “ठमा! नवऱ्याकरची, खाडीपल्याडची. सोनीच्या लग्नात ठमा गानार नि मी ओटीवर बसून बघनार?”

बरोबर आलेला त्यांचा मुलगा नामा मिठागरावर कामाला होता. तो म्हणाला, “आये, ठमामावशी बरी गाते गो.”

“दम हाय तिला. गला नाय,” हिराबाईंनी निकाल दिला.

मी त्यांना दुखणं समजावून सांगायला बसलो. ही माझी जुनी खोड. आमची ही म्हणते, मला औषध देण्यापेक्षा लेक्चर देण्यात जास्त रस. मी म्हटलं, “हे बघा, बरगडीची नस म्हणजे एक वाट. दुखण्याचा निरोप त्या वाटेनं पाठीच्या कण्यापर्यंत येतो. तिथं ही वाट संपते. पुढं मेंदूकडे जाणारी दुसरी वाट सुरू होते, पण मध्ये खाडी आहे.”

“खारी?”

“अगदी बारीक. डोळ्यांनी दिसायची नाही अशी. निरोप्याला त्या खाडीतून तरीनं, म्हणजे होडीनं, पलीकडे जावं लागतं. ती तर म्हणजे एक रसायन. त्यातल्या एकावर शास्त्रज्ञांचा संशय आहे. त्याला ‘सबस्टन्स पी’ म्हणतात. पी म्हणजे पावडर. सापडलं तेव्हा कोणाला नाव सुचलं नाही.”

हिराबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मंग ती तर बुरव ना रं बाबा!”

तर बुडवणं तेव्हा माझ्या हातात नव्हतं. कोणाच्याच नव्हतं. पण निरोप्याला खाडीच्या अलीकडे वाटेतच अडवता येत होतं. नस कण्यातून बाहेर पडते तिथं प्रोकेनचं इंजेक्शन द्यायचं. प्रोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करतात ते. याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. मी ते वाचलं होतं आणि पुण्याला दोनदा करताना पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे, समोर उभ्या असलेल्या उंच माणसाच्या खांद्यावरून.

आबासाहेबांकडे गेलो.

“काय काढलंत, पुणेकर?”

“सर, एक नर्व्ह ब्लॉक करू का? पोस्ट-हर्पेटिक पेन आहे, नागिणीनंतरचं. बरगडीची एकच नस.”

“सुई जरा आत गेली तर काय होतं?”

“फुप्फुसाला भोक पडतं, सर.”

“पेशंट काय करतो?”

“गाते, सर.”

“म्हणजे फुप्फुस लागतंच तिला.” ते हात धुवायला उठले. “चला. सुई तुम्ही धरा. तुमचा हात मी धरतो.”

तसंच झालं. हिराबाई उशी कवटाळून पाठमोऱ्या बसल्या. मी बरगडी बोटानं चाचपली, सुई हाडाला टेकवली, तिथून किंचित खाली सरकवली. आबासाहेबांची बोटं माझ्या मनगटावर पकडीसारखी. औषध गेलं. आम्ही थांबलो. थोड्या वेळानं मी त्यांच्या बरगडीवर टाचणी टोचली.

“टोचतंय का?”

“काय टोचतंय?”

“आता श्वास घ्या.”

हिराबाईंनी श्वास घेतला. अर्ध्यापर्यंत सवयीनं बिचकत, मग पुढे. पुढे अजून पुढे. त्यांचे डोळे मोठे झाले. श्वास पुरा भरला आणि तो नुसता सोडून देणं त्यांच्या जिवावर आलं असावं. त्यांनी थेट गाणंच सुरू केलं. आमची ऑपरेशनची खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर. ते थरथरलं. बाहेर बाकावर हर्नियाचा पेशंट ऑपरेशनची वाट बघत होता. आत काय करतात हे ऐकून तो आधी घाबरला आणि मग मांडी घालून बसला.

तासाभराच्या आत कळ परत आली. प्रोकेनचा अंमल एवढाच. ते मला माहीत होतं. थोडं अॅड्रिनॅलिन घातलं की जरा लांबतो, इतकंच.

“सर, रविवारी लग्नाच्या वेळेला तिथं जाऊन देऊ?”

आबासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “मांडवात? ऑक्सिजन नाही, टेबल नाही, बाजूला बँड?”

“मुहूर्ताच्या आधी थोडा वेळ. मुख्य विधी तासाभरात आटोपतील.”

“एकदाच. बाईंचं वय बघा. काहीही झालं, कोणी कितीही गळ घातली तरी दुसरी सुई नाही. शब्द द्या.”

मी दिला. पत्रिका मागवून घेतली आणि मुहूर्त पाठ केला. जन्मात मी इतकं काटेकोर नियोजन केलं नव्हतं. स्वतःच्या लग्नातही नाही. तिथं मी उशिरा पोचलो होतो आणि त्याची आठवण मला अजून करून दिली जाते.

रविवारी सकाळी मी आणि ही, दोघं टांग्यानं निघालो. पुढं मिठागरांच्या बांधावरून चालत. दोन्हीकडे मिठाच्या पांढऱ्या राशी, ऊन असं की राशींकडे बघवत नव्हतं. हिच्या हातात आहेराचं पातळ, माझ्या हातात बॅग. गावात शिरताच बायकांनी हिला ओढून नेलं. मला कोणी ओढलं नाही. मी विचारत विचारत हिराबाईंच्या घरी गेलो.

घरात चुलीवर सुया उकळून घेतल्या. आतल्या खोलीत हिराबाई पाटावर बसल्या, या खेपेला कवटाळायला तांदळाची गोणी. माझं मनगट धरायला आज कोणी नव्हतं, त्यामुळं ते जरा हलकं वाटत होतं. मुहूर्ताला बरोब्बर जमेल अशा बेतानं मी इंजेक्शन दिलं. टाचणी टोचली. काही नाही. श्वास पुरा. मी घाम पुसला आणि विजयी मुद्रेनं बाहेर आलो.

मांडवात भटजी खांबाला टेकून पेंगत होते. पुरुष मंडळी पत्ते खेळत होती. नवरीची अजून वेणीसुद्धा झाली नव्हती.

मी नामाला गाठलं. “नवरदेव कुठाय?”

“येतंय ना.”

“अरे, मुहूर्त झाला!”

“भटजीचा झाला. पान्याचा नाय झाला.”

“म्हणजे काय?”

“ओहोटी हाय, दागतर. वऱ्हाड होरीतनं येतंय. होरी तिकरं गालात बसलीय. भरती लागली का येतील.” हे त्यानं मला लहान मुलाला सांगतात तसं समजावून सांगितलं.

“मग ही वेळ पत्रिकेत कशाला छापली?”

“पत्रिकेत काय तरी छापायला लागतो.”

“मला नाही का सांगायचंस?”

“तुमी इचारलात कुठं? आमाला वाटला, सुईचा पन वेगला मुहूर्त असल.”

भटजींनी एक डोळा उघडला. “चहा घ्या, डॉक्टर. मी या गावांत वर्षानुवर्षं येतोय. दुपारच्या जेवणाआधी माझी घाई कधी झालेली नाही.”

मी चहा घेतला. दुसरा घेतला. खाडीकडे बघत राहिलो. लांब वळणावर होडी दिसत होती. लाल फेटे दिसत होते. होडीभोवती करडा, चकचकीत गाळ आणि त्यावर आरामात चालणारे बगळे. तिकडे नवरदेव बसलेला, इकडे माझं प्रोकेन उतरत चाललेलं. आयुष्यात एखाद्या बगळ्याचा मला इतका राग आला नव्हता.

शेवटी आतून हिनं मला बोलावलं. हिराबाई पुन्हा फळी बांधल्यासारख्या ताठ बसल्या होत्या.

“आली परत,” त्या म्हणाल्या.

“कोण, वऱ्हाड?”

“नागीन.”

मी टाचणी टोचली. “मेल्या!” म्हणून त्यांनी हात झटकला. म्हणजे नस पूर्ण जागी झाली होती. शंकाच नको.

नामा दारात उभा. “दागतर, दुसरी सुई हाय ना बॅगेत?”

होती. एक जास्तीची अँप्यूल मी घेऊन आलो होतो. मी हिच्याकडे बघितलं. ही माझ्याकडे बघत होती. आबासाहेब इथं नव्हते. पण मनगटावर त्यांची बोटं मला स्पष्ट जाणवली.

“बाई,” मी म्हटलं, “दुसरी देता येणार नाही. तुमच्या जिवाला धोका आहे.”

हिराबाईंनी माझ्या बॅगेकडे पाहिलं. मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, “नको देऊ. चूक तुजी नाय. तू पुन्याचा. तिकरं नदीला भरती नाय.”

तेवढ्यात किनाऱ्यावर पोरांनी आरडाओरडा केला. पाणी चढलं होतं. होडी सुटली होती.

सगळं गाव काठावर. मीही गेलो. होडी झपाझप जवळ येत होती आणि तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, हिरवं लुगडं नेसलेली एक धिप्पाड बाई उभी होती. ती गात होती. लांबूनच. पाण्यावरून तो आवाज असा आला की माझी ही नकळत म्हणाली, “अगंबाई!”

ठमा.

रीत अशी की नवऱ्याकडचा धवला आला की नवरीकडून त्याला उत्तर जायला हवं. उत्तर नाही गेलं तर होडी काठाला लागते, पण नवरीकडची मान खाली जाते. ठमाबाईंनी एक कडवं संपवलं. थांबल्या. काठावरच्या बायका मागे वळून बघायला लागल्या. हळद लागलेली सोनी दारात येऊन उभी राहिली होती, तिचा चेहरा एवढासा झालेला. ती हळूच म्हणाली, “आजी, ऱ्हाव दे गो. नको.”

हिराबाई ओटीवरून उतरल्या. उजवा हात बरगडीवर दाबलेला. काठापर्यंत आल्या. सोनीकडे एकदा पाहिलं, होडीकडे एकदा पाहिलं आणि श्वास घ्यायला लागल्या. मी ती अर्ध्याची जागा ओळखत होतो. तिथं त्या अडणार. त्यांनी डोळे मिटले. अर्धा झाला. पाऊण झाला. त्या घेतच होत्या आणि मी माझा सोडायचा विसरलो होतो.

मग हात बरगडीवरून सुटला आणि गाणं लागलं.

शब्द त्यांनी तिथंच जुळवले होते:

“नवऱ्याची होरी गालान रुतली गो,
सुईवाला दागतर बगले मोजतो गो!”

सगळा काठ हसला. पत्ते टाकून पुरुष हसले, भटजी जागे झाले. होडीतलं वऱ्हाड हसलं. आमची ही तर वाळूत बसली. ठमाबाईंनी लगेच होडीतून उत्तर फेकलं, त्याला हिराबाईंचं प्रत्युत्तर गेलं, आणि ते जे सुरू झालं ते दुपार उलटून गेली तरी चाललंच होतं. उंबराला पाणी घालणं, अंतरपाट, सात फेरे, प्रत्येकाला हिराबाईंचा धवला, भरल्या श्वासाचा.

मला राहवेना. माझ्यातला शास्त्रज्ञ मांडवभर त्यांच्या मागे टाचणी घेऊन फिरत होता. म्हटलं, औषधाचा काही अंश उरलाय का ते तरी बघावं. गाणं चालू असताना हळूच मागे गेलो आणि बरगडीवर टोचलं. हिराबाईंनी ताल न चुकवता माझ्या हातावर फटका मारला आणि पुढच्या ओळीत मला घेतलं. काय म्हणाल्या ते मी इथं लिहीत नाही. हिला पाठ आहे, ती सांगेल.

म्हणजे टाचणी कळत होती. नस जागी होती. निरोप्या खाडीपर्यंत नक्की पोचत होता. मग दुखणं कुठं गेलं?

जेवणं झाल्यावर ठमाबाई तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या आणि हिराबाईंच्या शेजारी टेकल्या.

“हिरे, तुला दुखना हाय म्हनलेली लोका. एवढा दम कुठला गो?”

“पनवेलचा,” हिराबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केलं.

पाठवणी घाईत उरकली, कारण पाणी उतरायच्या आत होडी निघायला हवी होती. शेवटचा धवला हिराबाईंनी आणि ठमाबाईंनी मिळून म्हटला, एक काठावर, एक होडीत. होडी वळणाआड गेली. हिराबाई हळूच खाली बसल्या. उजवा हात आपोआप अंगापासून लांब गेला.

“काय झालं?” मी विचारलं.

“आता दुखतंय,” त्या म्हणाल्या. मग हसल्या. “दुखू दे. आता मना कुठं गायचा हाय?”

मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, बाई, माझी सुई केव्हाच उतरली होती, हे तुमचं तुम्ही केलंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि गावभर सांगितलं की दागतर लाजतो. सोमवारी हॉस्पिटलच्या दारात ही गर्दी. कंबर, गुडघे, दाढ, जुना खोकला. सगळ्यांना लग्नाची सुई हवी होती.

आबासाहेबांनी मला आत बोलावलं. “अंमल किती वेळ राहिला?”

“तासभरसुद्धा नाही, सर. वऱ्हाड यायच्या आधीच संपला.”

“दुसरी दिलीत?”

“नाही, सर.”

“आणि ती गायली किती वेळ?”

“संध्याकाळपर्यंत.”

त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. “केसपेपरवर ‘गुण आला’ एवढंच लिहा. कशानं, ते लिहू नका. मला माहीत नाही, तुम्हाला तर नाहीच नाही.”

हिराबाईंचं दुखणं पुढं काही महिन्यांत हळूहळू निवलं. नागिणीचं बऱ्याचदा निवतं. मी मधूनमधून ब्लॉक देत होतो. सोनीच्या मुलाच्या बारशाला त्या सुईशिवाय गायल्या.

आणि कशानं, ते मला पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं. मुंबईत डॉक्टरांसाठी एक व्याख्यान होतं. मी मागच्या रांगेत. वक्ते सांगत होते की पाठीच्या कण्यात, जिथं दुखण्याचा निरोप एका नसेकडून दुसरीकडे जातो, तिथं शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं सोडतं. न्यूरोपेप्टाइड, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या साखळ्या. सबस्टन्स पीसुद्धा त्याच जातीचं. फरक एवढाच की पी निरोप पलीकडे नेतं आणि ही दुसरी मंडळी त्याला निघूच देत नाहीत. मेंदूला त्याहून मोठं काम असलं की तो वरून हुकूम पाठवतो, आणि मग निरोप काठापर्यंत येऊनही अलीकडेच बसून राहतो.

मला एकदम करडा गाळ दिसला आणि लाल फेटे. मी मोठ्यानं हसलो. शेजारचे डॉक्टर वळले. “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “आमच्याकडे पनवेलला याला ओहोटी म्हणतात.”

म्हणजे त्या दिवशी दोन होड्या गाळात बसल्या होत्या. एक नवऱ्याची, ती सुटली. नेमकी तेव्हाच हिराबाईंच्या कण्यातली दुसरी रुतली आणि सोनीची पाठवणी होईपर्यंत हलली नाही. यात माझ्या सुईचं कर्तृत्व बगळ्यांपेक्षा जास्त नव्हतं.

एवढ्या अनुभवातून मी दोन गोष्टी शिकलो. खाडीकाठच्या लग्नाचं आमंत्रण आलं की पत्रिका बाजूला ठेवून आधी भरतीची वेळ विचारतो. आणि पेशंटनं विचारलं, “डॉक्टर, या इंजेक्शनचा अंमल किती वेळ राहील?” तर पुस्तकातला आकडा सांगण्याआधी मीच विचारतो, “घरी काय कार्य आहे?”